माप

रावपुऱ्यात माझी कवळ्यांची लॅब आहे.
डॉक्टर माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो,
संध्याकाळपर्यंत टेबलावर
कुणाच्या तरी हिरड्या उभ्या.
माणूस दिसत नाही मला, त्याची पोकळी दिसते.

वृंदा टेलिफोन खात्यातली.
एकोणतीस वर्षं कानाला हेडफोन,
ट्रंककॉलपासून तक्रारींच्या टेबलापर्यंत.
निवृत्तीनंतर तिनं जो प्राणी पाळला
त्याला कानच नाहीत.

फतेगंजातले डिमेलो गाव सोडून चालले होते,
त्यांच्याकडून आला. आफ्रिकेतला अजगर, बुटका,
मनगटाएवढा जाड, कागदपत्रं रीतसर.
नाव ठेवलं नाही तिनं. हाक मारायची कुणाला?
शेजारच्या हंसाबेन जाळीतून विचारून गेल्या,
‘बीक नथी लागती?’
वृंदा म्हणाली, नदीत एवढ्या मगरी आहेत,
त्यांचं काय करता तुम्ही?
हंसाबेन म्हणाल्या, पुलावरून जातो.

पहिली गुहा मी हौसेनं केली.
थर्माकोलचा सांगाडा, वर लॅबमधल्या प्लास्टरचा गिलावा,
मेण कोरायच्या सुरीनं कमानी काढल्या
चांपानेरच्या दरवाजासारख्या, झरोके सहा,
वर एक छत्रीसुद्धा. गेरू, काव, चहाचं पाणी.
बघणाऱ्यानं म्हणावं, वा.
वृंदा म्हणालीही.
तो गेला नाही आत.
तीन रात्री पाण्याच्या भांड्यामागे
चेंडू होऊन पडून राहिला, डोकं मधोमध,
आणि चौथ्या सकाळी सापडला
दातांच्या रिकाम्या खोक्यात,
जे झरोके पुसताना मीच आत विसरलो होतो.

मग मी धंद्याचं केलं.
खोक्यातला चेंडू मोजला: एक वीत, चार बोटं.
उंची मुठीएवढी.
कवळी सैल असली की माणूस पंगतीत गप्प बसतो
हे मला माहीत होतं.
छप्पर सैल असलं की साप झोपत नाही
हे त्या खोक्यानं सांगितलं.
त्याला भिंत लागायला हवी,
पाठीला, कुशीला, सगळीकडून एकदम.

झरोके नाहीत. दार एकच, तेही कोपऱ्यात.
कडा घासल्या आधी काचकागदानं, मग फेल्टच्या चाकावर,
जिभेला कळता कामा नये इतक्या,
हा आमच्याकडचा नियम.
शेवटी डोळे मिटून आतून बोट फिरवलं.
बोटाला कुठेच काही लागलं नाही.

वृंदा म्हणाली, बाहेरून तरी काही कर, माझ्यासाठी.
मग तिनंच घेतला ब्रश.
सगळी काळी, आणि वर गोलात पांढरे आकडे,
एक ते नऊ, मग शून्य.
वास जाईस्तोवर दहा दिवस गच्चीत ठेवली.
हंसाबेननी विचारलं, घड्याळ का? दोन आकडे कमी आहेत.

(थंड बाजूला आणखी एक केली, तशीच, बिनरंगाची,
ऊब आणि लपणं यातून
त्याला एकच निवडायची वेळ येऊ नये म्हणून.
चांपानेर आता लॅबच्या खिडकीत आहे,
सहा झरोक्यांत सहा कवळ्या.
गिऱ्हाईक हसतं. चालतंय.)

आत ठेवली त्या रात्री दिवे घालवून
आम्ही जमिनीवर बसलो.
पाय हलवायचे नाहीत, वृंदानं बजावलं,
त्याला फरशीतून कळतं.
आधी जीभ, दाराच्या कडेला, दोनदा.
मग डोकं.
मग कितीतरी वेळ नुसतं जाणं,
एवढ्याशा घरात एवढा लांब देह.
शेपटीचं टोक करंगळीभर बाहेर राहिलं होतं,
तेही ओढून घेतलं.

आता साप कुठेच नव्हता.
माझं प्लास्टर होतं, तिचे आकडे होते.
मी कुजबुजलो, बसलं ना नीट?
तिनं वाकून काचेला कान लावला,
आणि एकोणतीस वर्षांच्या त्या सपाट, गोड आवाजात
म्हणाली, एंगेज आहे.